उजवं पान कोरं राहिलं तर

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब होतं, थोडं आटपशीर करून देते.

"ताई, प्रभूमध्ये सलाम. अकरा वर्षं मी प्रार्थनेची वही ठेवते आहे. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजव्या पानावर उत्तर कधी मिळालं ती तारीख. आईने लावलेली सवय. ती म्हणायची, देवाचे उपकार विसरायला माणसाला आठवडासुद्धा पुरतो. चार वह्या भरल्या. मन खचलं की कुठलीही वही उघडायची, उजवी पानं वाचत जायची, की उभारी यायची.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाला मोठं दुखणं निघालं. चौथ्या वहीत त्याच्या नावाने सेहेचाळीस ओळी आहेत, मी मोजल्या. सेहेचाळीसही ओळींसमोर उजवीकडे काही नाही. फेब्रुवारीत तो गेला. शेवटचे दोन महिने मी कामावरून यायचे ती थेट त्याच्या उशाशी. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एक काकू दर गुरुवारी रात्री येऊन बसायच्या, म्हणून आठवड्यातून एक रात्र तरी डोळा लागायचा.

आता वही उघडवत नाही. जुन्या पानांवर 'उत्तर मिळालं' असं वाचलं की वाटतं, ते सगळे योगायोगच होते का? मी आपली मनाची समजूत घालत होते का? त्यात पुढच्या महिन्यात उपकारस्तुतीची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं आहे. 'देवाचा विश्वासूपणा आठव, बळ मिळेल', असं सगळे म्हणतात. मला आठवलं की बळ येत नाही, रडू येतं. वही फाडून टाकावी असंही एकदा मनात आलं. काय करू?"

प्रिय भगिनी,

वही फाडू नका. एवढं आधी सांगून टाकते. बाकीचं पत्र चार दिवसांनी वाचलंत तरी चालेल.

'आठव, बळ मिळेल' हे वाक्य मीही एकदा एका घरी बोलून बसले आहे. त्या घरातला मुलगा जाऊन नऊ दिवस झाले होते. मी त्याच्या आईसमोर बसून बायबलमधल्या सत्त्याहत्तराव्या स्तोत्रातलं वचन म्हटलं: परमेश्वराची कृत्यं मी आठवीन, तुझे पुरातन काळचे चमत्कार आठवीन. त्या बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. मी अर्धा तास बाहेरच्या खोलीत बसले. त्या बाहेर आल्या नाहीत. मग माझी मीच दार ओढून घेतलं आणि निघाले. वचन बरोबर होतं, फक्त वेळ चुकली, अशी मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं तर मी स्तोत्रच अर्धं वाचलं होतं.

मी म्हटलेलं ते वचन अकरावं आहे. त्याच्या आधीची दहा मी गाळली होती. दुसऱ्या वचनात हा माणूस रात्रभर हात पसरून बसला आहे आणि त्याचा जीव सांत्वन घ्यायलाच तयार नाही. तिसऱ्यात तो म्हणतो, मी देवाची आठवण करतो आणि कण्हतो. हिब्रूमध्ये तिसऱ्या वचनातल्या 'आठवण्या'ला आणि अकराव्यातल्या 'आठवण्या'ला क्रियापद एकच आहे, जाखर. म्हणजे आठवल्यावर पहिल्यांदा त्याच्या तोंडून आला तो कण्हण्याचा आवाज. पुढे सात ते नऊ या तीन वचनांत सहा प्रश्न आहेत. प्रभू कायमचा टाकून देईल का? पुन्हा कधीच प्रसन्न होणार नाही का? त्याची दया संपली का? वचन खोटं पडलं का? देव कृपा करायला विसरला का? रागाने त्याने आपला कळवळा आवरून धरला का? सहापैकी एकाचंही उत्तर पुढे येत नाही. आणि हे स्तोत्र पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. मंडळीने ते गायलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या.

तेव्हा तुम्हाला आठवून रडू येतं, याचा अर्थ तुमचं आठवणं बिघडलं आहे असा नाही. तुम्ही तिसऱ्या वचनात आहात आणि आम्ही सगळे बाहेरून तुम्हाला ओढून अकराव्यात न्यायला बघतो आहोत. मधली वचनं ज्याची त्यालाच चालावी लागतात. किती दिवस लागतात ते स्तोत्रात लिहिलेलं नाही.

आता वहीबद्दल. इथे मी थोडं परखड लिहिणार आहे, राग मानू नका.

वही ठेवणं चांगलंच आहे. मीही ठेवते, फार नेटाने नाही. पण तुमच्या वहीची आखणी बघा. उजव्या पानावर काय यायचं, ते डाव्या पानाने आधीच ठरवून टाकलं आहे. जे मागितलं त्याचं उत्तर तेवढं मोजायचं. अशा वहीत जे मागायचं सुचलंच नाही, त्याला जागाच नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की रानातल्या चाळीस वर्षांची सगळी वाट आठवा. सगळी, म्हणजे तहान, भूक, कुरकूर धरून. त्यात एक साधं वाक्य आहे: या चाळीस वर्षांत तुझ्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि तुझे पाय सुजले नाहीत. पाय सुजू नयेत अशी प्रार्थना त्या चाळीस वर्षांत कुणी केली असेल? पाणी मागितलं, मांस मागितलं, परत मिसरात (इजिप्तमध्ये) जायचं म्हणून रडले. पायांचं कुणाच्या डाव्या पानावर नव्हतं.

तुमच्या पत्रात त्या काकू एका ओळीत येऊन गेल्या. दर गुरुवारी रात्री. तुम्ही त्यांचा उल्लेख झोपेच्या ओघात केलात आणि पुढे गेलात. वहीत त्या आहेत का? मला वाटतं नसतील, कारण 'गुरुवारी कुणीतरी येऊन बसू दे' असं तुम्ही मागितलं नव्हतं. तुम्ही भाऊ मागितला होता. मी असं म्हणत नाही की भाऊ गेला पण काकू आल्या, तेव्हा हिशेब फिटला. तो फिटत नाही, आणि कुणी फिटवून दाखवायला लागलं तर ऐकून घेऊ नका. माझं म्हणणं इतकंच की ही वही तुमच्या आयुष्याची पूर्ण नोंद कधीच नव्हती, भरलेल्या पानांतही नव्हती.

'योगायोग होते का' हा तुमचा प्रश्न इथूनच निघाला आहे. उजवं पान पुरावा म्हणून वापरलं, की कोरं पान विरुद्ध बाजूचा पुरावा होतो. मग सेहेचाळीस विरुद्ध बाकीच्या ओळी, अशी मोजदाद सुरू. शिष्यांचंही असंच झालं होतं. मार्काच्या आठव्या अध्यायात ते तारवात बसले आहेत, जवळ एकच भाकर आहे, आणि आपापसांत चर्चा चालली आहे की आपल्याजवळ भाकरी नाहीत. येशू विचारतो, पाच हजारांना पाच भाकरी मोडून दिल्या तेव्हा तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? ते म्हणतात, बारा. आणि चार हजारांना सात, तेव्हा किती? सात. आकडे चोख पाठ आहेत. तरी तो विचारतो, अजून तुम्हांला समजत नाही काय? भाकरी मोडणारा त्याच तारवात बसला होता आणि यांचा डोळा पिशवीतल्या एका भाकरीवर. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी थोडी लाज वाटते, माझेही आकडे बरोबर असतात म्हणून.

मग जुन्या नोंदींचं काय करायचं? ज्या दिवशी तुम्ही 'उत्तर मिळालं' लिहिलंत, त्या दिवशी तुम्हाला काहीतरी दिसलं होतं. ते आज पुसट झालं असेल, पण खोटं ठरलेलं नाही. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर कुणी टाकलेली नाही. तो योगायोग नव्हता हे मी तुम्हाला गणित मांडून दाखवू शकणार नाही. ख्रिस्ती माणसाचं स्मरण मुळात स्वतःच्या वहीवर उभंच नाही. ते एका रात्रीवर उभं आहे. प्रभूने ज्या रात्री भाकर मोडून 'माझ्या स्मरणार्थ हे करा' म्हटलं, त्याच रात्री तो गेथशेमानेत गेला आणि म्हणाला, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्याचं उजवं पान कोरं राहिलं, भगिनी. आपण दर वेळी प्रभुभोजनाला बसतो ते त्या रात्रीच्या मेजावर बसतो. पुनरुत्थानाची सकाळ पुढे आहेच, तीच आपली आशा, पण ती आली म्हणून ती रात्र कुणी पुसून टाकली नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला स्वतःला फार उशिरा कळली. एबन-एजर हा शब्द तुम्ही मंडळीत शेकडो वेळा ऐकला असेल. साहाय्याचा धोंडा. शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला आणि म्हटलं, येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केलं आहे. १ शमुवेल, अध्याय ७. वर्धापनदिन असो, नव्या वर्षाची उपासना असो, हे वचन ठरलेलंच. पण हे नाव त्या पुस्तकात पहिल्यांदा सातव्या अध्यायात येत नाही, चौथ्यात येतं. तिथे इस्राएली सैन्य पलिष्ट्यांशी लढायला एबन-एजरजवळ तळ देऊन आहे. पहिल्या दिवशी चार हजार पडले. मग त्यांनी शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, आणवला. देवाने मिसरातून कसं सोडवलं, त्याची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे तो कोश. तो छावणीत आल्यावर एवढा जयघोष झाला की भूमी दणाणली. आणि मग तीस हजार पडले, कोश पलिष्ट्यांनी नेला, शिलोतला याजक एली याचे दोन्ही मुलगे मेले, बातमी ऐकून एली आसनावरून मागे पडून मेला. जुनी कृपा त्यांनी हमी म्हणून रणांगणावर आणली होती.

त्यानंतर वीस वर्षं गेली. आणि शमुवेलाने साहाय्याच्या धोंड्याला नाव दिलं ते हेच. त्याला दुसरं नाव सुचलं नसेल असं मला वाटत नाही. शिलोत तो लहानाचा मोठा झाला होता, एलीच्या हाताखाली. त्या नावाने ऐकणाऱ्यांच्या पोटात काय होईल हे त्याला चांगलं माहीत असणार. तरी त्याने तेच नाव ठेवलं. त्या 'येथवर'मध्ये ते तीस हजारही मोजलेले आहेत. आणि 'येथवर' म्हणजे येथवरच. पुढच्या लढाईबद्दल तो धोंडा काहीही सांगत नाही.

म्हणून त्या सेहेचाळीस ओळी खोडू नका. उजवीकडे ओढूनताणून 'उत्तर: नाही' किंवा 'देवाची इच्छा' असंही लिहू नका. आपल्याकडे रिकामी जागा लगेच भरायची फार घाई असते. कोरं आहे ते कोरं राहू द्या. त्याच वहीत, त्याच ओळींसमोर. वेगळी 'दुःखाची वही' नको. भरलेली आणि कोरी पानं एकाच दोऱ्यात शिवलेली असू देत.

पुढे वही ठेवावीशी वाटली तर (आज नको, वाटेल तेव्हा) डावं-उजवं सोडून द्या. आठवड्यातून एकदा तारीख घालून एकच गोष्ट लिहा, न मागता आलेली. 'देवाने सांभाळलं' एवढंच लिहिलंत तर वर्षभराने वाचताना काहीच डोळ्यासमोर येणार नाही. काय घडलं ते लिहा. काकू किती वाजता यायच्या, कुठल्या खुर्चीवर बसायच्या, सोबत काय आणायच्या, भावाशी काय बोलायच्या. पहिली नोंद काकूंचीच करा. एखाद्या आठवड्यात काही सापडलं नाही तर नुसती तारीख घाला.

आणि वाचायला एकट्या बसू नका. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेने वर धरलेले हात जड होतात. अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. या 'स्थिर'साठी हिब्रूत जो शब्द आहे तो एमुना, आणि विलापगीतात 'तुझी सत्यता थोर आहे' म्हणताना हाच शब्द देवाबद्दल वापरला आहे. 'आमेन'ही याच मुळातला. विश्वासूपणा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी व्याख्या करत नाही, ते तीन म्हातारे दाखवते. तेव्हा जुन्या वह्या उघडायची वेळ आली की त्या काकूंना बोलवा, किंवा आईला. तुमच्याने वाचवत नसेल तर त्यांना वाचू द्या. तुम्ही फक्त बसा.

राहिली साक्ष. देऊ नका. निदान या वर्षी देऊ नका, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. यार्देन पार केल्यावर यहोशवाने गिलगालात बारा धोंडे उभे केले, पुढे मुलं विचारतील 'हे धोंडे कसले?' म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण यहोशवाच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायाचं नववं वचन बघा. यहोशवाने आणखी बारा धोंडे उभे केले, नदीच्या मध्यभागी, याजकांचे पाय जिथे थांबले होते तिथे. हंगामाचे दिवस होते, यार्देन दुथडी भरून वाहत होती. याजक वर आले आणि पाणी पूर्वीसारखं वाहू लागलं. ते बारा धोंडे पाण्याखाली गेले. तिथे कुठलं मूल जाऊन विचारणार? आपण गिलगालच्या धोंड्यांवर प्रवचनं करतो. या दुसऱ्या बारांबद्दल मी आजवर एकही ऐकलेलं नाही.

गणिती पास्कालचं नाव ऐकलं असेल. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साधारण साडेदहा ते साडेबारा, त्याला देवाचा काही अनुभव आला. त्याने तारीख-वेळ घालून ते कागदावर लिहिलं, वरती एकच शब्द, 'अग्नी', आणि तो कागद अंगरख्याच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ मध्ये तो वारल्यावर नोकराच्या हाताला तो लागला. इतकी वर्षं तो कागद अंगावर होता. पाण्याखालचे धोंडे असेही असतात. तुमच्या भावाच्या उशाशी काढलेल्या त्या दोन महिन्यांत असं काही असेल, जे तुमच्या आणि देवाच्या मध्ये आहे, तर ते व्यासपीठावर आणायची सक्ती कुणी करू शकत नाही. पाळकसाहेबही नाहीत.

त्यांना नुसतं 'नाही' म्हणणं जड जात असेल तर असं सांगा: मी साक्ष देणार नाही, पण सत्त्याहत्तरावं स्तोत्र वाचीन, पहिल्या वचनापासून. वीसच वचनं आहेत. सहा प्रश्नांपाशी घाई करू नका. एकोणिसाव्यात तो म्हणतो, तुझा मार्ग समुद्रातून होता आणि तुझ्या पाउलांचा माग कुणाला लागला नाही. विसाव्यात मोशे आणि अहरोन यांच्या हाताने कळप नेल्याचं सांगतो आणि तिथेच स्तोत्र तुटतं. त्या माणसाचं दुःख हलकं झालं की नाही, त्या रात्री त्याला झोप लागली की नाही, काहीच कळत नाही. तुम्हीही तिथेच थांबा, पुस्तक मिटा आणि जागेवर जाऊन बसा. शेजारची खुर्ची काकूंसाठी धरून ठेवायला सांगा कुणाला तरी.

तुमची,
ताई